नवऱ्याबरोबर परदेशी निघालेल्या आमच्या बेळगावच्या मुलींसाठी

टिळकवाडी घ्या, शहापूर घ्या, वडगाव घ्या, आता बेळगावात प्रत्येक गल्लीत एक तरी घर असं सापडतंच की ज्यातलं कुणीतरी जर्मनीला, दुबईला नाहीतर अमेरिकेला आहे. उद्यमबागेत फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने कित्येक वर्षांपासून आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्यामुळे मेकॅनिकलची पोरं इथून पुण्याला जातात आणि पुण्यातनं स्टुटगार्ट, म्युनिक. निपाणी-खानापूरकडची बरीच मुलं गल्फला. मग लग्नाच्या बैठकीत "मुलगा बाहेर असतो" एवढं म्हटलं की पुढचं सगळं बोलणं त्याच्या कंपनीचं, पगाराचं, व्हिसाचं आणि सुट्टीचं होतं. मुलगी तिथं गेल्यावर, सकाळी नवरा ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत काय करणार, कुणाशी बोलणार, हे कुणी विचारत नाही, मुलीची आईसुद्धा नाही, कारण तिलाही वाटतंय की चांगलं स्थळ आहे, होईल सगळं हळूहळू.

मी काही वर्षं स्टुटगार्टजवळ राहून आता बेळगावात परत आलेय. आणि मला मनापासून वाटतंय की परदेशात जमणं न जमणं हे नवऱ्याच्या नोकरीपेक्षा या न विचारलेल्या प्रश्नावर जास्त अवलंबून असतंय. ज्या मुली आता निघाल्यात त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आयांसाठी, हे लिहितेय.

कल्चर शॉक हा शब्द आता सगळेच वापरतात. तो ज्यांच्यामुळे जगभर पोचला ते कालेर्वो ओबर्ग हे मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचं या विषयावरचं भाषण १९५४ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोला झालं, ते कुठल्या कंपनीत किंवा युनिव्हर्सिटीत नाही तर बायकांच्या क्लबात. छापून आलं १९६० मध्ये. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, की ज्या माणसानं हा विषय मांडला तो मांडायला बायकांसमोर गेला होता. ओबर्ग म्हणतात की माणूस आपल्या जागी असतो तेव्हा हजारो बारीकसारीक खुणांवर जगत असतो, कुणाला कसं भेटायचं, सामान कसं घ्यायचं, कुणी बोलावलं तर कधी हो म्हणायचं आणि कधी नको म्हणायचं, आणि नव्या देशात या खुणाच एका झटक्यात जातात, त्याचा तो धक्का. मग लक्षणं काय, तर सारखे हात धुणं, पाण्याची आणि खाण्याची नको तितकी काळजी, कुणीतरी आपल्याला फसवतंय अशी भीती, छोट्या गोष्टीवरनं राग, तिथली भाषा शिकायलाच नको वाटणं, आणि घरी परत जायची ओढ.

आता विचार करा, बेळगावात आपल्याला अशा किती खुणा माहीत असतात. गणपत गल्लीत कुठल्या दुकानात भाव करायचा आणि कुठं करायचा नाही, कुठल्या रिक्षावाल्याशी मराठी, कुठल्याशी कन्नड आणि कुठल्याशी हिंदी बोलायचं हे त्याचा चेहरा बघून आपण ठरवतो, शेजारच्या काकू "चहा घेऊन जा की गं" म्हणाल्या तर ते खरंच बसायला सांगतायत की आता निघा म्हणतायत हे आवाजावरनं कळतंय. स्टुटगार्टला यातलं काहीच चालत नाही. तिथं टपालपेटीवर तुमचं आडनाव लावलेलं नसेल तर पत्र येतच नाही, परत जातं, आणि तिथं सगळंच पत्रानं येतं, बँकेचं, विम्याचं, सरकारी ऑफिसचं. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. कचरा चार ठिकाणी, कागद एका डब्यात, प्लॅस्टिक-पत्रा पिवळ्यात, भाजीची सालं तपकिरी डब्यात, उरलेलं काळ्यात. रविवारी सगळी दुकानं बंद, आणि रविवारी मशीन लावायचं नाही, ठोकठोक नाही, मोठा आवाज नाही. आणि स्टुटगार्टच्या भागात एक खास पद्धत आहे, बिल्डिंगमधल्या घरांनी पाळीपाळीनं आठवडाभर जिना आणि बाहेरची वाट झाडायची, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येऊन लटकते. मला ही पद्धत आवडायची खरं तर, कारण जिना झाडताना कोणीतरी भेटायचं, आणि त्या जिन्यात बोललेलं एखाद-दुसरं वाक्य हेच कित्येक दिवस माझं घराबाहेरचं सगळं बोलणं असायचं.

आईचा फोन रोज यायचा. तिथं उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात घड्याळं मागं केली की साडेचार तासांचा, म्हणजे माझी दुपार ती तिची संध्याकाळ. "जेवलीस काय गं?" "व्हय, आत्ताच जेवलो." "बरं हाय न्हवं सगळं?" "बरं हाय की, काय होतंय." आणि ठेवायचा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळायचा, पाचला बाहेर रात्र, आणि नवरा यायला अजून वेळ. खरं सांगायचं तर ते दिवस फार जड गेले, आणि आईला सांगून तिला काळजी लावायची नव्हती म्हणून न सांगितल्यामुळे अजून जड गेले.

यावर अभ्यास करणाऱ्यांनी एक रेषा काढून ठेवलीय. नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत स्कॉलरशिपवर जाऊन आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास छापला, त्यात असं दिसलं की सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाच्या वर राहिलेले पण बरे होते, मधले मात्र सगळ्यात कमी रुळलेले. त्यावरनं ती इंग्रजी यू अक्षरासारखी रेषा आली, आधी हनिमून, मग खड्डा, मग वर. ही रेषा कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये अजून दाखवतात. पण पुढे न्यूझीलंडच्या कोलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडं आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्या पोचल्या आणि नंतर वर्षभर थोड्या थोड्या महिन्यांनी तपासलं, तेव्हा सगळ्यात जास्त उदासी अगदी सुरुवातीलाच निघाली, हनिमून वगैरे काही नाही. मला वॉर्ड बाईंचं जास्त पटतंय. विमानतळावरनं घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला ड्युटी होती आणि त्या दिवशीची शांतता मला अजून आठवते, बेळगावात आमच्या गल्लीत अशी शांतता पहाटे तीनलाच असते. म्हणून सांगते, गेल्या गेल्याच वाईट वाटायला लागलं तर आपलं काहीतरी चुकतंय असं समजू नका, सगळ्यांची रेषा एकसारखी नसते.

आता मुख्य मुद्दा. १९९१ मध्ये ब्लॅक, मेंडेनहॉल आणि ओडू या तीन संशोधकांनी सांगितलं की परदेशात रुळणं ही एकच गोष्ट नाही, तीन वेगवेगळ्या आहेत. एक रोजचं जगणं, म्हणजे खाणं, हवा, घर, बस. दुसरं तिथल्या माणसांशी वागणं-बोलणं. तिसरं काम. मी हे वाचलं तेव्हा आमच्या घरातलं सगळं चित्र डोळ्यापुढं आलं. नवऱ्याला तिन्ही गोष्टींचे दरवाजे पहिल्या दिवसापासून उघडे होते. त्याला टेबल होतं, ओळखपत्र होतं, दुपारी कॅन्टीनला बरोबर न्यायला माणसं होती. अवघड त्यालाही गेलंच की, मी नाही म्हणत नाही. उद्यमबागेत ज्या कारखान्यात तो शिकला तिथं मालकापुढं कुणी "हे ड्रॉइंग चुकलंय" असं तोंडावर म्हणत नव्हतं, आणि तिकडं कालचा पोरगा साहेबाला नावानं हाक मारून भर मीटिंगमध्ये चूक दाखवतो आणि साहेब शांतपणे लिहून घेतो. डच संशोधक हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरनं वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात याचा आकडा काढला होता, त्यात भारत ७७ आणि जर्मनी ३५. एवढं अंतर त्याला रोज पार करायला लागत होतं. सुरुवातीला "होतंय, करतो" असं म्हणून तो काम अंगावर घ्यायचा, आपल्याकडं ते आदरानं म्हटलेलं असतंय, तिकडं ते तारखेचं वचन धरलं जातंय. पण तो शिकला, कारण त्याला शिकवायला, टोकायला रोज माणसं समोर होती.

आणि मी? पहिली गोष्ट, रोजचं जगणं, ती पूर्ण माझ्या डोक्यावर. त्याच्या वाट्याला तयार घर यायचं, ते घर तयार करण्याची सगळी धडपड माझी. दुसरी गोष्ट, माणसं, ती कुठून आणायची. आणि तिसरी, काम, ते तर बेळगावातच सोडून आले होते, इथं मी शाळेत शिकवत होते, गल्लीत पोरं मला "टीचर" म्हणून हाक मारायची. तिथं मी कुणाचीतरी बायको एवढीच ओळख होती, व्हिसावरसुद्धा तेवढीच. रोझली टंग या संशोधक बाईंनी १९८० च्या सुमाराला अमेरिकन कंपन्यांना विचारलं होतं की परदेशी पाठवलेली तुमची माणसं मुदतीआधी का परत येतात, तेव्हा कंपन्यांनी दिलेल्या कारणांत पहिल्या नंबरवर होतं की साहेबाची बायको तिथं रुळू शकली नाही. त्याला आता चार दशकं होऊन गेली. तरीपण नवऱ्याच्या कंपनीनं त्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, जर्मन लोकांशी कसं वागायचं याचं, आणि मला त्यात बोलावलंसुद्धा नाही. मला याचा राग तेव्हाही होता आणि आता लिहितानाही आहे. कंपनी घर बदलायचा खर्च करते, विमानाची तिकिटं काढते, आणि ज्या माणसावर हे सगळं टिकणार तिला दोन दिवस ट्रेनिंगला बसवून घ्यायला कंपनीला जमत नाही.

तुम्ही म्हणाल, आपण बेळगावची माणसं, आपल्याला परक्या भाषेची काय भीती. मीसुद्धा हेच धरून गेले होते. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात हिंदी, गोव्याकडची गिऱ्हाइकं आली तर कोकणी, हे आपल्याकडं जन्मापासून. पण ते आपल्याला कसं आलं हे आठवून बघा. शाळेत कन्नड विषय होताच, पण बोलायला शिकले ती सीबीटीवरच्या, म्हणजे आमच्या शहर बसस्टँडवरच्या, बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरनं वाद घालताना आणि बैलहोंगलकडनं भाजी घेऊन येणाऱ्या अक्कांशी भाव करताना. बोलल्याशिवाय भाजी मिळत नव्हती, म्हणून भाषा आली. स्टुटगार्टला बोलल्याशिवाय सगळं मिळतंय! भाजी आपण उचलायची, मशीनवर आपणच बिल करायचं, कार्ड लावायचं आणि बाहेर. ट्रेनच्या तिकिटाचं मशीन इंग्रजीत चालतं. डॉक्टर इंग्रजी बोलतात. नवऱ्याच्या ऑफिसातही इंग्रजी. असं वर्षानुवर्षं राहता येतंय आणि राहिलेल्या बायका मी बघितल्यात, सुपरमार्केट ते घर, घर ते सुपरमार्केट, आणि हातात फोन, फोनमध्ये बेळगाव. म्हणून तिथं गरज मुद्दाम तयार करायला लागते. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, लोणचं-चटणी नेण्यापेक्षा खूप जास्त.

माझी गरज तयार झाली ती दोन ठिकाणी. एक म्हणजे भाषेचा क्लास. जर्मनीत बहुतेक शहरांत फोल्क्सहोखशुले म्हणून संस्था असते, लोक तिला व्हीएचएस म्हणतात, नगरपालिकेच्या आधारानं चालते आणि फी परवडते. तिथं सरकारचा इंटिग्रेशन कोर्सपण घेतात, ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज. माझ्या वर्गात सीरियाची एक आजी होती, तुर्कस्तानच्या दोघी होत्या, युक्रेनची एक डेंटिस्ट होती जी तिकडं घर चालवण्यासाठी साफसफाईचं काम करत होती. आम्हाला कुणाला कुणाचीच भाषा येत नव्हती, त्यामुळे मोडकीतोडकी का होईना जर्मनच बोलायला लागायची. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे. माझी शेंगाचटणी त्या सीरियन आजीला फार आवडली, ती पावाबरोबर खायची, आणि मला ती तिच्या मुलाचा फोटो दाखवायची. मला आठवड्यातनं काही दिवस सकाळी कपडे बदलून, वही घेऊन, ठराविक वेळेला घराबाहेर पडायला कारण मिळालं, हे भाषेपेक्षाही मोठं होतं.

दुसरं ठिकाण मुलीची बालवाडी. जर्मनीत २०१३ पासून मूल एक वर्षाचं झालं की त्याला बालवाडीत जागा मिळायचा कायद्यानं हक्क आहे, प्रत्यक्षात जागा मिळवायला वाट बघायला लागते ती वेगळी गोष्ट. पण जागा मिळाल्यावर ते काय करतात बघा. पहिल्या दिवशी आई मुलाबरोबर वर्गात बसते, तासभर, आणि दोघं घरी. असे काही दिवस. मग आई दहा मिनिटं बाहेर जाते, मूल रडलं तर परत येते. मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत. एक ठराविक बाई त्या मुलाला दिलेली असते, तीच त्याला घेणार, तीच समजावणार. मूल त्या बाईकडनं शांत व्हायला लागलं की मगच पुढचं पाऊल, घाई नाही, दोन-चार आठवडे लागले तरी चालतंय. मी त्या छोट्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते आणि मला भरून आलं होतं, किती विचार केलाय या लोकांनी माझ्या लेकीचा, आणि तिला रुळवायच्या निमित्तानं मीही तिथं रोज बसत होते. त्या खुर्च्यांवर बसलेल्या बाकीच्या आया माझ्या ओळखीच्या झाल्या. जर्मन माणसं थंड असतात असं आपल्याकडं सरसकट म्हणतात, मला ते मान्य नाही. ती वेळ घेतात. पण एकदा वाढदिवसाला बोलावलं की दरवर्षी बोलावतात, आणि तुम्ही आजारी असलात तर मुलीला घरी सोडायला येतात.

आणि एक मैत्रीण अशी मिळाली जिची मी कल्पनाही केली नव्हती. धारवाडची. बिल्डिंगच्या पलीकडच्या गल्लीत राहायची. भारतीय लोकांत ओळख करून देताना माझी नेहमी अडचण व्हायची, बेळगाव म्हटलं की मराठी लोक "म्हणजे कर्नाटक का?" म्हणायचे आणि कन्नड लोक "मग कन्नड बोला की" म्हणायचे. हिनं तसलं काहीच विचारलं नाही, "बेळगावी? अय्यो, बर्री मनीगे" एवढंच म्हणाली आणि घरी घेऊन गेली. तिच्याकडं कडक रोटी होती, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी होती, माझ्या आईच्या हातची चव त्याच्या फार जवळची. आम्ही दोघी अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं बोलायचो, तिच्या आजीला मराठी यायचं म्हणे. १ नोव्हेंबर आला. आमच्या माहेरी लहानपणापासून तो काळा दिवस, बाबा काळी पट्टी लावून फेरीला जायचे, आणि तिच्या घरी तो राज्योत्सव, लाल-पिवळा झेंडा. स्टुटगार्टच्या राज्यात त्या दिवशी त्यांच्या संतांचा सण असतो, सगळ्याला सुट्टी, दुकानं बंद. तिनं फोन केला, ये जेवायला. मी गेले. आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो, पूर्ण बोललो, तिच्या वडिलांनी काय सोसलं, माझ्या बाबांनी काय सोसलं, बेळगावात असतो तर हे बोलणं कधीच झालं नसतं. माझं मत बदललं नाही, तिचंही नाही. ती आजही माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

आमची आजी येळ्ळूरची. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तिचं गाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं. पुढं शेताचा उतारा कन्नडमध्ये यायला लागला, तो हातात धरून ती गल्लीतल्या शिकलेल्या पोराकडं जायची, "बाबा, यात काय लिवलंय बघ जरा." आपल्याच जमिनीचा कागद, आपल्याला वाचता येत नाही. स्टुटगार्टला पहिल्यांदा सरकारी पत्र आलं, सगळं जर्मन, खाली तारीख आणि दंडाचा आकडा, मी ते घेऊन वरच्या मजल्यावरच्या बाईंकडं गेले तेव्हा मला आजीच आठवली. मी आपणहून गेले होते आणि आजी कुठंच गेली नव्हती, हा फरक मोठा आहे आणि तो मी विसरत नाही. पण न वाचता येणाऱ्या कागदापुढं उभं राहिल्यावर पोटात जे होतंय ते तेच असतंय.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी सांगितलंय की परक्या संस्कृतीत माणूस चार तऱ्हांनी राहू शकतो. आपलं सोडून पूर्ण त्यांचं व्हायचं, किंवा आपलं धरून त्यांच्यापासून लांब राहायचं, किंवा आपलंही जपायचं आणि त्यांच्यातही मिसळायचं, किंवा दोन्हीकडनं तुटायचं. दोन्ही धरणारे बहुतेक वेळा जास्त सुखात असतात असं त्यांच्या अभ्यासात दिसतं. सीमाभागात ही दोन्ही धरणारी माणसं घरोघरी आहेत. खानापूरची माझी आत्या सकाळी बाजारात कन्नड बोलून तांदूळ विकते आणि संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणते, तिला यात काही वेगळं करतोय असं वाटतच नाही. पण बेरी अजून एक सांगतात, की हे निवडणं एकट्या माणसाच्या हातात नसतं, तो समाज तुम्हाला तुमचं जपायला जागा देतो का यावरही असतं. बळजबरी झाली की माणूस आपलं घट्ट धरून बसतो. हे आपल्याला कुणी पुस्तकातनं सांगायची गरज नाही.

सगळीकडं स्टुटगार्टसारखं नसतं हेपण सांगायला पाहिजे. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याच्या, बायकोला नोकरी करायला बंदी नाही. अमेरिकेत नोकरीवाल्या नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर गेलेल्या बायकांना आधी नोकरी करताच येत नव्हती, २०१५ पासून काहींना परवानगी मिळायला लागली, तीपण नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत गेलं असेल तर. गल्फमध्ये ठराविक पगार असल्याशिवाय कुटुंब नेताच येत नाही, त्यामुळे निपाणीकडच्या कित्येक बायका नेसरी-गडहिंग्लजच्या माहेरी नाहीतर सासरीच राहतात आणि नवरा दोन वर्षांनी एकदा येतो. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, ते रुळणं अजून वेगळं, परत आलेल्या बापाला लेकरू ओळखत नाही तिथपासून सुरू होणारं.

परत येणंही सोपं नव्हतं. याचाही अभ्यास झालाय, गलाहॉर्न या संशोधक नवरा-बायकोंनी १९६३ मध्येच दाखवलं होतं की घरी परतल्यावर पुन्हा एक खड्डा येतो. माझ्यापेक्षा लेकीला जास्त आला. परदेशात वाढलेल्या अशा मुलांवर रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी काम केलं, आणि ते सुरू कुठं झालं तर १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांत. माझी लेक घरात मराठी, बाहेर जर्मन बोलत वाढलेली, आणि इथं शाळेत कन्नड सक्तीचं, २०१५ चा कायदा आहे. सुरुवातीला ती रोज रडायची. तेव्हा मी शाळेत जाऊन बाईंना विचारलं की पहिले काही दिवस मी थोडा वेळ वर्गाबाहेर बसू का, जर्मनीत कसं करतात ते सगळं सांगितलं. बाईंना नवल वाटलं पण त्या हो म्हणाल्या. आणि कन्नड शिकवायला धारवाडची मावशी व्हिडिओ कॉलवर बसते तिच्याबरोबर, स्टुटगार्टहून. आता माझी मुलगी रिक्षावाल्याशी माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलते.

आता ज्या निघाल्यात त्यांना थोडं कामाचं सांगते. ब्लू कार्डवाल्या नवऱ्याबरोबर जाताना व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, म्हणून बऱ्याच जणी काहीच न शिकता जातात. ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, तरी इथंच करा, पुण्याला जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, बेंगळुरूला आहे, ऑनलाइनपण होतंय. डिग्रीचे सगळे कागद बरोबर न्या, मार्कशीटसकट, आणि आपली युनिव्हर्सिटी आणि डिग्री आनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत कशी नोंदलीय ते आधी बघा, नर्स किंवा टीचर असाल तर तिथं मान्यता घ्यायलाच लागते आणि त्याला महिनेच्या महिने जातात. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं काढा. टपालपेटीवर नवऱ्याच्या आडनावाबरोबर तुमचं आडनाव वेगळं असेल तर तेही लावा. आणि मुलीच्या आईला एवढंच म्हणेन, मावशी, बैठकीत एकदा सरळ विचारा की बाबा, आमची मुलगी तिथं क्लासला जाईल तेव्हा त्याची फी आणि वेळ दोन्ही तुम्ही धरलंय का. व्हीएचएसचे नवे वर्ग साधारण फेब्रुवारी-मार्चला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात, जागा भरतात लवकर, त्यामुळे लग्नाची आणि विमानाची तारीख ठरली की तिकिटाबरोबरच ते नाव घालून टाका.